चहात आयोडीन टाकून गुंगीचं औषध कळत नाही

भुसावळ-जळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: रेल्वेगाडीत अनोळखी माणसानं चहा दिला तर त्यात आयोडीनचा थेंब टाका, निळा झाला की गुंगीचं औषध आहे. हे चूक आहे.

आयोडीन निळं होतं ते स्टार्चमुळे. बऱ्याच गोळ्यांत स्टार्च असतो, साध्या पॅरासिटामॉलच्याही. चहात बिस्कीट बुडवलंत तरी रंग येऊ शकतो. उलट औषध द्रवरूपात असेल तर काहीच दिसणार नाही, आणि तुम्ही निर्धास्त चहा प्याल! खरा धोका हाच.

रंगाच्या चाचण्या प्रयोगशाळेत असतात, हे खरं. बार्बिट्युरेट, म्हणजे झोप आणणाऱ्या औषधांचा एक जुना गट, असेल तर कोबाल्टचा क्षार आणि आयसोप्रोपिलअमाइन टाकल्यावर जांभळा रंग येतो. लोराझेपाम, अल्प्राझोलाम ही गुंगी आणणारी औषधं मात्र वेगळ्या गटातली. त्यांना ही चाचणी लागू नाही. शिवाय रंग म्हणजे नुसता संशय. औषधाचं नाव पक्कं होतं ते क्रोमॅटोग्राफी (नमुन्यातले घटक वेगळे करणं) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणं) यांनंतरच.

गाडीत कुणी बेशुद्ध सापडलं तर रेल्वेची हेल्पलाइन १३९ लावा. उरलेला चहा, कप फेकू नका. रुग्णालयात रक्तासोबत लघवीचाही नमुना लवकर घ्यायला सांगा, कारण औषधाचा माग रक्तापेक्षा लघवीत जास्त काळ राहतो.