जुळणारा दाता इथे नाही, तिथे आहे

मामेभावाने अस्थिमज्जा दात्यांच्या यादीत नाव द्यायचं ठरवलं आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. मामांनी लिहिलं, "आता अर्धी जुळणीसुद्धा चालते. ज्याच्या त्याच्या घरचे देतील. माझ्या पोरानं परक्यासाठी मणक्यात सुई का टोचून घ्यायची?"

मामा, पहिलं वाक्य खरं आहे. दात्याशी जुळवून बघतात ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून आईवडील निम्मे जुळतातच. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता मात्र चारात एक. अर्ध्या जुळणीवर आज कितीतरी जीव वाचतात. पण रुग्णाच्या रक्तात घरच्याच दात्याविरुद्ध अँटिबॉडीज असल्या तर? आईवडील थकलेले, आजारी असले तर?

मी जर्मनीत राहते. ऑफिसच्या हॉलमध्ये गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना दिला, पाच मिनिटं लागली. साडेआठ कोटींच्या या देशात जवळपास एक कोटी लोकांची अशी नोंद आहे. तरीही ओळखीतल्या एका मराठी मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा एवढ्या मोठ्या यादीत तिच्याशी पूर्ण जुळणारं कुणी सापडलं नाही. एचएलएचे प्रकार पूर्वजांकडून येतात, पासपोर्ट बदलला म्हणून ते बदलत नाहीत. तिच्याशी जुळणारा माणूस असलाच, तर भारतात असण्याची शक्यता जास्त. आणि १४० कोटींच्या आपल्या देशात नोंदलेले दाते आहेत जेमतेम काही लाख! शोध जगभरच्या याद्यांमध्ये घेतात, पण जे नाव यादीतच नाही ते सापडणार कुठून? इथे राहून मला याची भीती वाटते, अगदी स्वतःच्या मुलांसाठीसुद्धा.

आणि सुई मणक्यात टोचत नाहीत. बहुतेक दात्यांच्या मूळपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, हाताच्या शिरेतून, रक्तातूनच घेतात. त्याआधी चार-पाच दिवस इंजेक्शनं असतात, त्यांनी हाडं ठणकतात, ते लपवत नाही. क्वचित मज्जाच लागली तर ती भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात.

भावाला मात्र मी वेगळं लिहिलं. बोलावणं आल्यावर रुग्णाला जबर केमो देऊन त्याची स्वतःची मज्जा संपवतात. तेव्हा दाता फिरला तर त्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून मामांशी काय भांडायचं ते आत्ता भांड. नाही म्हणायचं असेल तर काडी गालाला लावण्याआधी म्हण.

त्याने काल रात्री किट मागवलं. मामांनी अजून उत्तर दिलेलं नाही.