दीड मीटर, पण कुठून?

सपाट जमिनीवरची शेजारभांडणं साधी असतात. तुमचा आंबा आमच्याकडे का वाकला, तुमचा कुत्रा रात्री का भुंकतो, एवढीच. नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक हिलवर किंवा ठाण्यात येऊरच्या डोंगरपायथ्याशी बंगला बांधला की त्यात भूमिती शिरते. तिथे दोन शेजारी एकाच कंपाउंडला टेप लावतात. गेटपाशी लावणाऱ्याला भिंत पाच फूट भरते, मागच्या टोकाला लावणाऱ्याला साडेअकरा. असलं भांडण मिटता मिटत नाही, कारण त्यात खोटं कोणीच बोलत नसतं.

हिशेब असा. हद्द १२ मीटर लांब आणि तेवढ्यात जमीन २ मीटर खाली जाते. गवंडी वरच्या टोकाला दीड मीटर भिंत उचलतो आणि माथा पाणसळीत सरळ नेतो. 'लायनीत दिसायला पाहिजे ना साहेब!' लायनीत दिसतेच. फक्त खालच्या टोकाला ती साडेतीन मीटर झालेली असते आणि तिच्या सावलीत शेजारच्या वहिनींची जास्वंद.

मग कोणीतरी नियम काढतं. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते, कंपाउंड वॉल समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून जास्तीत जास्त दीड मीटर. वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा, जाळीचा किंवा रेलिंगचा ठेवलात तर २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकाकडच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, वरचा पाऊण मीटर उघडा. वळणावर गाडी दिसावी म्हणून. या अटी तुरुंगाच्या भिंतींना लागू नाहीत, असंही तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाला चिंता नाही, चिंता तुम्हाआम्हाला.

आता ती रस्त्याची मध्यरेषा. तुमची बाग रस्त्यापेक्षा २ मीटर वर असेल आणि नियम तुम्ही शब्दशः पाळलात, तर भिंतीचा माथा तुमच्या हिरवळीच्या अर्धा मीटर खाली येतो. असं कुंपण ओलांडायला चोराला चढावं लागत नाही, उतरावं लागतं. म्हणून उतारावरचा प्लॉट असेल तर आधी उभा छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यावर बाजूने दिसेल तसं चित्र, काढून घ्यावा, त्यावर रस्त्याची आणि दोन्ही बागांची पातळी आकड्यांत दाखवावी आणि तो कागद घेऊन नगररचना विभागात जावं. नुसतं 'पाच फुटांची भिंत घालतोय' एवढं तोंडी विचारलं की उत्तरही तोंडीच मिळतं, आणि शेजाऱ्याने तक्रार केली की ते कोणाला आठवत नाही.

पातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब पुरते: पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकांना दोन माणसं. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला की पाणी खोटं बोलतं, तेव्हा आधी नळी जमिनीवर पसरून बुडबुडे काढायचे. टेप उतारावर टेकवून धरायचा नाही, आडवा ताणायचा. नकाशावरचे १२ मीटर आडवे असतात. तेच आमच्या उतारावर जमिनीलगत मोजलेत तर प्रत्यक्षात आडवे ११.८४च भरतात, १६ सेंटीमीटर गेले. आणि गेले ते शेजाऱ्याकडे. तो काही परत करायला येत नाही.

एवढं झालं की भिंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायची. तीन-तीन मीटरचे चार टप्पे केलेत तर प्रत्येक टप्पा वरच्या टोकाला दीड आणि खालच्या टोकाला दोन मीटर येतो. दोन-दोन मीटरचे सहा केलेत तर जास्तीत जास्त १.८३. ठेकेदार चारच सुचवेल, कारण त्यात खांब दोन कमी लागतात. शेजाऱ्याशी बोलणं चालू ठेवायचं असेल तर सहा करा.

भिंतीऐवजी जाळी घेणार असाल तर चेन लिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंतवून विणलेली जाळी घ्या. तिच्या चौकटी उताराप्रमाणे तिरक्या होतात. वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी, तिरकी होत नाही, पायऱ्याच कराव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट राहते. फॅब्रिकेटर म्हणतो, 'काय होतंय त्याने?' त्याने घूस येते. खांब मात्र ओळंब्यातच उभे करायचे. उताराला काटकोनात रोवलेले खांब दारुड्यासारखे दिसतात. सपाटीवर दीड फूट खड्डा चालत असेल तर इथे दोन-अडीच फूट घ्या, कारण खालच्या अंगाला खांबाला धरायला मातीच कमी असते. वर मधुमालती चढवली, ती पावसात भिजली आणि वारा सुटला की सगळा भार खालच्या शेजाऱ्याकडे कलतो.

हद्द उताराला आडवी असेल, म्हणजे एकाची बाग दुसऱ्याच्या डोक्यावर, तर प्रकरण आणखी रंगतं. वरच्यांची माती मीटरभर उंच. ती अडवायला चार इंची विटांची भिंत घालणारे महाभाग आहेत. पहिल्या पावसाळ्यात तिचं पोट सुटतं, दुसऱ्यात ती खालच्यांच्या तुळशीला भेटायला जाते. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या मातीपेक्षा तिच्यात कोंडलेलं पाणी भिंतीला जास्त रेटतं. म्हणून काँक्रीटची किंवा दगडी रिटेनिंग वॉल इंजिनिअरकडून काढून घ्या, मागे फूटभर खडी भरा आणि तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे दर दीड-दोन मीटरवर बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा. पाइपांच्या मातीकडच्या तोंडाशी जाळी लावा, नाहीतर एका मोसमात ते मातीने बुजतात. यातून येणारं पाणी खालच्यांच्या अंगणात पडणार, हे त्यांना भिंत होण्याआधी सांगायचं आणि भिंतीच्या पायाशी नाली स्वतःच्या खर्चाने करून द्यायची. जुलैत सांगितलेलं कोणी ऐकून घेत नाही.

या मीटरभर भिंतीवर वरच्यांनी आपल्या जमिनीपासून दीड मीटर कंपाउंड घातलं की खालच्यांना समोर अडीच मीटर दिसतं. 'किल्ला बांधताय का काका?' असं खालून विचारलं जातं. 'अहो, आमच्याकडून छातीपर्यंतच येतं,' वरून उत्तर. त्यात कोणी मधेच आपल्या बाजूला फूटभर भराव टाकला तर त्या बाजूची उंची बदलते. तेव्हा काम सुरू होण्याआधी मूळ जमिनीची पातळी न हलणाऱ्या ठिकाणी, बंगल्याच्या जोत्यावर ऑइलपेंटने नोंदवायची, फोटो काढायचा आणि एका कागदावर प्रत्येक खांबाशी 'वरून किती' आणि 'खालून किती' असे दोन रकाने करून दोघांनी सह्या करायच्या. एकच रकाना केलात तर कागद फुकट.

सह्या झाल्या की रंगाचा विषय निघतो. १२ मीटर लांबीत वरच्यांच्या बाजूला १८ चौरस मीटर येतात, खालच्यांच्या बाजूला ३०. 'आपापली बाजू आपण रंगवू' हा प्रस्ताव कोणाकडून येतो ते वेगळं सांगायला नको.