काकांचं पुणं आणि फार्गोचा पाय

आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर 'अंधाधुन'वरून जुंपलीय. सिनेमा २०१८ चा, पण मोठ्या काकांनी आत्ता पाहिला. म्हणे दिग्दर्शक श्रीराम राघवन आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला आणि त्यानं पुणंच बदनाम केलं! शेजारच्या म्हातारीला वरून ढकलतात, किडन्या विकायला निघतात, हे कुठलं पुणं? खाली धडाधड अंगठे.

मी राहतो अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट लुईस पार्कला. सिनेमावाले कोएन बंधू इथलेच. १९९६ च्या 'फार्गो'त त्यांनी मिनेसोटाचा एक सभ्य गृहस्थ बायकोच्या अपहरणाची सुपारी देताना दाखवला, वर आमच्या बोलण्याची टिंगल केली. ('आमच्या' लिहून गेलो. असू दे.) तेव्हा इथलेही कुरकुरले, पण हेल काढून बोलण्यावरून, खुनांवरून नव्हे. आणि आता? ज्या वुड चिपरमध्ये, म्हणजे लाकडाचा चुरा करणाऱ्या यंत्रात, प्रेत घातलं, तो फार्गो शहराच्या पर्यटन केंद्रात ठेवलाय. लोक कानटोपी घालून त्यातून डोकावणाऱ्या पायाबरोबर फोटो काढतात. माझाही आहे. तोच ग्रुपवर टाकला आणि ठणकावलं, की याला म्हणतात मोठं मन.

आणि काका, जोशी-अभ्यंकर खून काय सिनेमावाल्यांनी केले? १९७६-७७ मध्ये दहा माणसं मारली, ती चित्रकला शिकणाऱ्या पोरांनी. आई अजून सांगते, दिवेलागणीलाच पेठा सामसूम व्हायच्या. दाराला कडी, वर अडसर. राघवनला पुणं बरोबर कळलंय. आत प्रेत सुटकेसमध्ये कोंबतायत आणि बाहेर पियानो चालूच. घरातलं चारचौघांत जाता कामा नये! यापेक्षा पुणेरी प्रसंग दाखवा मला.

काकांनी उत्तर दिलं नाही. जिंकलोच म्हणायचं.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही. जानेवारीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडत होतो. शेजारच्या गाडीवाला सहकारी म्हणाला, "तुझ्या गावचा तो पियानोवाला सिनेमा पाहिला. भारीच डेंजर गाव दिसतंय!" गमतीनंच म्हणाला. मी स्क्रेपर बॉनेटवर ठेवला आणि उणे वीसमध्ये दहा मिनिटं त्याला समजावत राहिलो. तसं नाहीये, शिकल्यासवरलेल्यांचं गाव आहे, सिनेमावाले काहीही दाखवतात. वाक्य न् वाक्य काकांचं. तो बिचारा "या, या" करत ऐकत होता. माझी बोटं बधिर झाली होती, आणि 'विद्येचं माहेरघर'चं इंग्रजी काही केल्या जुळत नव्हतं.