पंख्याच्या पात्यावरचं नाव

आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात एक पंखा आहे. तीन पाती, आणि तिन्हींवर लाल ऑइलपेंटने देणगीदाराचं नाव. पंखा बंद असला की नाव वाचता येतं, चालू केला की वारा लागतो. दोन्ही एकदम मिळत नाही. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या कोलोनच्या म्युझियम लुडविगमध्ये मला तो पंखा आठवला, आणि त्याला कारण आमचे भाऊजी.

ताई आणि भाऊजी तीन आठवडे आमच्याकडे आखनला आले होते. भाऊजींनी बँकेच्या कर्जविभागात ३५ वर्षं काढलेली. कोलोनचं कॅथेड्रल बघून झालं, बाहेर पाऊस सुरू झाला, आणि म्युझियम कॅथेड्रलच्या अगदी पाठीशी. म्हटलं, चला, पॉप आर्टचा अमेरिकेबाहेरचा एक मोठा खजिना आहे, कोरडेही राहू.

ताई रमली ती टॉम वेसेलमनच्या न्हाणीघरापाशी. १९६३ सालचं काम. टबातली बाई रंगवलेली, पण तिच्या पुढ्यातला पडदा, टॉवेल, कपड्यांची टोपली सगळं खरं. "टॉवेल धुतात का गं हे?" असं तिने मला कानात विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. रॉय लिक्टेनस्टाइनची ती चिंतातुर सोनेरी केसांची मुलगी, कॉमिकच्या चौकटीतून उचलून भिंतीएवढी केलेली, तिच्यापुढे सेल्फीची रांग होती. आम्हीही काढला, उगाच खोटं कशाला बोलू.

भाऊजी मात्र चित्रं सोडून शेजारच्या पाट्या वाचत होते. "अगं, हा शेंकुंग शब्द सारखा येतोय. म्हणजे काय?"

"देणगी. लुडविग नवराबायकोने दिलेली."

"अटी काय होत्या?"

मला हसू आलं, पण प्रश्न अचूक होता. अट होतीच. पेटर लुडविग मूळचा कलेतिहासाचा विद्यार्थी, डॉक्टरेट पिकासोवर. लग्न केलं इरेन मोनहाइमशी, जिच्या घरचा आखनचा चॉकलेटचा कारखाना. पुढे तो कारखाना त्यानेच चालवला आणि दोघांनी मिळून साठच्या दशकात अमेरिकन चित्रं विकत घेण्याचा सपाटा लावला. १९६९ साली कोलोनच्या जुन्या वालराफ-रिचार्ट्झ म्युझियममध्ये हा खाजगी संग्रह लोकांपुढे मांडला. त्याचा कॅटलॉगसुद्धा प्लॅस्टिकची कव्हरं लावून बोल्टने आवळलेला. १९७६ साली त्यांनी ३५० कलाकृती शहराला दिल्या, आणि त्या बदल्यात शहराने नवं म्युझियम बांधायचं होतं, लुडविग नावाचं. ते उघडलं १९८६ साली.

"म्हणजे तारण त्यांचं, बांधकाम शहराचं आणि नाव त्यांचं," भाऊजी म्हणाले.

आता माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. पॉप आर्टच्या प्रदर्शनात पाटीची ही दुसरी ओळ, म्हणजे चित्र कोणाकडून आणि कसं आलं ते, चित्राइतकीच महत्त्वाची असते. निसर्गचित्र कोणी कितीला घेतलं हे कळलं नाही तरी डोंगर डोंगरच राहतो. पॉपचं तसं नाही. ही कला दुकानातून आली. सूपचे डबे, साबणाची खोकी, सिनेमानट, वर्तमानपत्राचं पहिलं पान. तिचा विषयच खरेदी-विक्री. मग तिची स्वतःची खरेदी-विक्री पाटीवरून पुसली की उरतो तो दिवाणखान्याला शोभेलसा भडक रंग.

ब्रिलोची खोकी घ्या. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६४ साली प्लायवूडची खोकी करून त्यांवर भांडी घासायच्या साबणाचं वेष्टन छापलं. मूळ वेष्टनाचं डिझाइन करणारा जेम्स हार्वे स्वतः चित्रकार होता, पोटासाठी व्यावसायिक कामं करायचा. त्याचं खोकं दुकानात, वॉरहॉलचं गॅलरीत. पुढच्याच वर्षी वॉरहॉलची खोकी कॅनडात जायची होती, तर तिथल्या कस्टमवाल्यांनी सांगितलं, हे शिल्प नाही, माल आहे, जकात भरा. तिथल्या राष्ट्रीय कलादालनाच्या संचालकांनीही फोटो बघून मान डोलावली. आपण हसतो, पण त्या कारकुनाने पॉप आर्टचा मूळ प्रश्न कित्येक समीक्षकांआधी विचारला होता.

भाऊजींना सर्वांत आवडली ती हप्त्यांची गोष्ट. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत वॉरहॉलचे सूपचे ३२ रंगवलेले डबे लागले, एकेकाची किंमत १०० डॉलर. चार-पाच विकले गेले. मग गॅलरीवाल्या अर्विंग ब्लमला वाटलं, हा संच फोडू नये. त्याने विकलेले परत मिळवले आणि सगळा संच स्वतः घेतला १,००० डॉलरला, महिना १०० डॉलर, दहा हप्ते. १९९६ साली तो न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयाकडे गेला, अर्धा विक्री, अर्धा देणगी, आणि आकडा होता दीड कोटी डॉलर. "बिनव्याजी हप्ते?" भाऊजींनी दोनदा विचारलं.

दुसरी बाजूही सांगितली. टॅक्सींचा धंदा करणाऱ्या रॉबर्ट स्कल या संग्राहकाने चित्रकार रॉशेनबर्गचं एक काम १९५८ साली ९०० डॉलरला घेतलं होतं. १९७३ च्या लिलावात ते ८५,००० ला गेलं. रॉशेनबर्गला त्यातून छदाम नाही. लिलाव संपल्यावर त्याने स्कलला ढकललं होतं, आणि मला ते ढकलणं फार समजतं. पुनर्विक्रीत कलाकाराला वाटा मिळावा म्हणून आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यातही कलम आहे, ५३ अ.

रॉशेनबर्गचं 'ब्लॅक मार्केट' इथेच आहे. जमिनीवर सूटकेस, त्यातली वस्तू घ्या, तुमची ठेवा आणि वहीत नोंद करा, अशी मूळ कल्पना. लोकांनी घेतलं, ठेवलं काहीच नाही. तो खेळ तेव्हाच बंद झाला. संग्राहकांच्या बाबतीत कोलोनकरांचा अनुभव फार वेगळा नाही. लुडविगांचा मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितांचा संग्रह कितीतरी वर्षं कोलोनच्याच एका म्युझियममध्ये होता, आणि शहराने तो आपलाच धरला होता. १९८३ साली ती १४४ हस्तलिखितं लुडविगांनी अमेरिकेच्या गेटी म्युझियमला विकली. "उसनं होतं ना ते," भाऊजी थंडपणे म्हणाले. "कागद कोणी वाचले नव्हते."

कागद वाचणारा एक होता. हान्स हाके नावाचा कलाकार, जन्म कोलोनचाच. १९७४ साली त्याने फ्रेंच चित्रकार एदुआर माने याचं शतावरीच्या जुडीचं चित्र कोणाकोणाच्या हातून फिरत कोलोनच्या म्युझियमात आलं याची मालकांनिशी जंत्री मांडायचं ठरवलं. त्यात म्युझियमच्या मित्रमंडळाचे अध्यक्ष, बडे बँकर हेरमान योझेफ आब्स यांचं नाव आणि नाझी काळातली त्यांची पदंही आली. म्युझियमने काम नाकारलं. १९८१ साली त्याने लुडविगांवरच मालिका केली. एका बाजूला संग्रह, देणग्या, करसवलती, दुसऱ्या बाजूला चॉकलेट कारखान्यातल्या परदेशी कामगार बायका आणि त्यांची वसतिगृहं. मी आखनला राहते, परदेशीच आहे, त्यामुळे ती दुसरी बाजू मला जरा जास्त टोचते.

म्हणून लुडविग वाईट का? नाही हो. त्यांनी घेतलं नसतं तर ही चित्रं न्यूयॉर्कच्या कुठल्या तरी सोफ्यामागे लटकली असती आणि मला एका तिकिटात दिसली नसती. मुंबईत जहांगीर निकोल्सन नावाचे कापूसव्यापारी १९६८ पासून आपल्या चित्रकारांची कामं घेत राहिले, म्हणून आज ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात. वारा लागतोय तर पंख्याचे आभार मानावेतच. माझं म्हणणं एवढंच, की अधूनमधून पंखा बंद करून पात्यावरचं वाचू द्या. कधी घेतलं, कोणाकडून, कितीला, कोणत्या अटीवर. चार ओळी. सेल्फीच्या आड येणार नाहीत.

एका चित्रापुढे मात्र मी हे सगळं विसरले. वॉरहॉलचं '१२९ डाय इन जेट', हाताने रंगवलेलं वर्तमानपत्राचं पान. जून १९६२ मध्ये पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर विमान कोसळलं. मेलेल्यांपैकी शंभरावर माणसं अटलांटाच्या कलासंस्थेबरोबर युरोपातली चित्रं बघायला आलेली होती. घरी परतत होती. आकडाही नंतर १३० झाला, चित्रात १२९ च राहिला. ताई बराच वेळ तिथे उभी होती.

बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. मागचा चौक ओलांडून ऱ्हाइनकडे जायचं होतं, तर गणवेशातल्या माणसाने अडवलं. चौकाखाली फिलहार्मोनीचं सभागृह आहे, वर कोणी चाललं की खाली पावलं ऐकू येतात, म्हणून मैफलीच्या वेळी चौक बंद. इमारत बांधली तेव्हापासूनचं हे दुखणं. लोक निमूट वळसा घालत होते. भाऊजी त्या माणसाकडे बघत उभे राहिले.

"ह्याचा पगार कोणत्या खात्यातून जातो, विचार ना जरा."