नेसलरोडसाहेबांचा कित्ता

परराष्ट्रमंत्री व्हायचं मनात असेल, तर त्याच देशात जन्मण्याची घाई करू नका. रशियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल नेसलरोड १७८० साली लिस्बनला जन्मले. वडील जर्मन सरदार, रशियाचे तिथले राजदूत. बाप्तिस्मा इंग्रजी चर्चचा, पत्रव्यवहार फ्रेंच, पगार रशियन. रशियन भाषा म्हणे त्यांना शेवटपर्यंत धड आली नाही. त्यात सोय केवढी! लोक शिव्या घालतात त्या समजतच नाहीत.

लग्न बघूनसवरून करा. नेसलरोडांनी अर्थमंत्री गुर्येव यांचीच मुलगी केली.

उमेदवारीच्या काळात ते पॅरिसला होते. फ्रान्सचे माजी परराष्ट्रमंत्री तालेराँ तिथे रशियाला आतल्या बातम्या विकत, आणि त्या पोहोचत नेसलरोडांमार्फत. इथे एक बारकावा लक्षात घ्या. फितूर म्हणून नाव खराब झालं ते विकणाऱ्याचं. घेणाऱ्याला बढती मिळाली.

आता मुख्य विद्या. १८१६ साली झारने परराष्ट्र खातं दोघांत वाटून दिलं: नेसलरोड आणि कापोदिस्त्रियास. दुसऱ्या गृहस्थांना एक व्यसन होतं, स्वतःचं मत असण्याचं. ते मूळचे ग्रीक. १८२१ साली ग्रीक तुर्कांविरुद्ध उठले तेव्हा रशियाने त्यांच्या मदतीला जावं असं त्यांना वाटे, झारला वाटेना. १८२२ साली कापोदिस्त्रियास बाहेर पडले आणि खातं एकट्या नेसलरोडांकडे आलं. तुम्हीही मत बाळगूच नका असं नाही; पण ते झारचं असावं, आणि झारला सुचल्यानंतर तुम्हाला सुचावं.

कधीमधी अंदाज चुकतोच. १८५० साली नेवेल्स्कॉय नावाच्या नौदल अधिकाऱ्याने परवानगी न घेता आमूर नदीच्या मुखाशी रशियाचा झेंडा रोवला. चीन काय म्हणेल या धास्तीने नेसलरोडांच्या समितीने त्याला साधा खलाशी करून टाकायची शिफारस केली. झार निकोलस म्हणाला, एकदा चढलेला झेंडा उतरत नाही. झालं, झेंडा राहिला, अधिकारी राहिला आणि (हे महत्त्वाचं) मंत्रीही राहिले.

लेखी मात्र जपून. १८५३ साली तुर्कस्तानशी भांडण मिटवायला व्हिएन्नात एक मसुदा तयार झाला. रशियाने तो मान्यही केला. मग नेसलरोडांच्या खात्याने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ कागदावर उतरवला आणि तो कागद थेट बर्लिनच्या वर्तमानपत्रात छापून आला. तडजोड बारगळली, क्रिमियाचं युद्ध पेटलं, रशियाचं तिथलं बंदर सेवास्तोपोल पडलं. १८५६ च्या तहात काळ्या समुद्रात आरमार ठेवायचा हक्कही रशियाने गमावला. एवढं झाल्यावर नेसलरोडांनी खातं सोडलं. पण चान्सलर ही पदवी १८६२ मध्ये वारेपर्यंत त्यांच्याकडेच होती. चाळीस वर्षांत झार तीन झाले, नेसलरोड एकच!

काळ्या समुद्राचं ते कलम पुढे १८७० मध्ये त्यांच्या जागी आलेल्या गोर्चाकोव्ह यांनी झुगारून दिलं. नेसलरोडांचं नाव आज राहिलंय ते चेस्टनटच्या गोड पुडिंगला. सासरेबुवा गुर्येव यांचंही तसंच; दूध-रव्याची, सुकामेवा घातलेली खीर त्यांच्या नावाने चालते. तेव्हा मंत्रालयात शिरायच्या आधी घरी एक बरा आचारी ठेवा.