ते दोनशे कोटी प्रेक्षक मोजले कोणी?

रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. तिच्या नातीला शाळेत पाच मिनिटं बोलायचं होतं, विषय 'प्रसारमाध्यमे आणि जग'. मावशीने मुद्दे काढून दिले होते आणि ते कुठून काढले हे वेगळं विचारायची गरज नव्हती. "तू चॅनेलमध्ये आहेस ना, एकदा नजर टाक," म्हणाली. वहीच्या पानाचा फोटो आला. सातवीतल्या मुलीचं सुंदर अक्षर, 'दोनशे कोटी'खाली लाल पेनाने दोन रेघा. हा मजकूर माझ्याकडे निरनिराळ्या ग्रुपांवरून तीनदा तरी आला असेल. प्रत्येक वेळी मी तो न बोलता सोडून दिला. आता तो वहीत उतरलाय, तेव्हा गप्प बसणं बरोबर नाही.

मजकूर असा: 'विल्यम आणि केटचं लग्न जगातल्या दोनशे कोटी लोकांनी लाइव्ह पाहिलं. सगळं जग टीव्हीसमोर थांबलं होतं. प्रत्येक देशाच्या चॅनेलला चर्चमध्ये कॅमेरा लावायची मुभा होती, कसलीही अट नव्हती, याला म्हणतात लोकशाही! प्रक्षेपणाचे हक्क विकून राजघराण्याने लग्नाचा सगळा खर्च वसूल केला. मुंबईच्या डबेवाल्यांना राणीने आपल्या शेजारी बसवलं, पण आपल्या बिकाऊ चॅनेलनी ते दाखवलंच नाही. प्रत्येक मराठी माणसाने पुढे पाठवा.'

मी मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे बुलेटिनमध्ये काय जायचं ते ठरतं तिथे, काम करते. २९ एप्रिल २०११ला, त्या लग्नाच्या दिवशी, मी ड्युटीवर होते. तेव्हा यातलं बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

आधी तो आकडा. दोनशे कोटी ही संख्या लग्नानंतर कोणी मोजून सांगितलेली नाही. ती लग्नाच्या आधीपासून फिरत होती. ब्रिटनचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जेरेमी हंट यांनी 'इतके लोक बघतील' असा अंदाज दिला होता. लग्न लागायच्या आधीच किती पानं उठली ते सांगून टाकावं, तसं झालं हे. पुढे 'बघतील'चं 'बघितलं' कधी झालं ते कुणी तपासलं नाही.

खरी मोजणी जिथे होते तिथली संख्या घ्या. अमेरिकेत नील्सन ही संस्था ठरावीक घरांत यंत्रं बसवून कोण काय बघतंय ते मोजते. तिच्या मोजणीनुसार त्या दिवशी अमेरिकेत ११ वाहिन्या मिळून हे लग्न २ कोटी २८ लाख लोकांनी पाहिलं. देशाची लोकसंख्या तेव्हा ३१ कोटींच्या घरात. म्हणजे शंभरातले सात. आणि हे कधी? तिथल्या बड्या वाहिन्यांनी आपले नावाजलेले अँकर लंडनला नेऊन बसवले होते, न्यूयॉर्कच्या पहाटे चारपासून प्रक्षेपण सुरू केलं होतं, आधी कित्येक दिवस ड्रेस कसा असेल यावर चर्चा चालवल्या होत्या. एवढं करून शंभरात सात.

कोणी म्हणेल, तिथे पहाट होती, लोक झोपले होते. मान्य. मग खुद्द ब्रिटन घ्या. तिथे सार्वजनिक सुट्टी होती, वेळ सकाळी अकराची, लग्न त्यांच्याच घरचं. तिथेही एका वेळी जास्तीत जास्त बघणारे अडीच कोटींच्या आसपास होते. लोकसंख्या सव्वासहा कोटींच्या वर. दहातले चार.

आता दोनशे कोटींचा हिशेब मांडा. जगाची लोकसंख्या त्या वर्षी सातशे कोटींना टेकत होती. म्हणजे जगात शंभरातले अठ्ठावीस लोक टीव्हीसमोर बसले पाहिजेत, अमेरिकेच्या चौपट! हे लोक आणायचे कुठून? आपल्याकडून? २०११च्याच जनगणनेत भारतातल्या ४७.२ टक्के घरांत टीव्ही होता. निम्म्याहून अधिक घरांत टीव्हीच नाही. ज्यांच्याकडे होता ते शुक्रवारी दुपारी साडेतीनला ऑफिसात, शेतात, दुकानात. आणि जगातल्या कितीतरी देशांत प्रेक्षक मोजायची यंत्रणाच नाही, तिथे काय मोजणार? अशा आकड्यांत काय काय धरतात तेही सांगते. ज्या देशात एखाद्या वाहिनीला फीड, म्हणजे थेट चित्रण, गेलं, त्या वाहिनीची पोहोच सगळीच्या सगळी धरायची. रात्रीच्या बातम्यांत कुणी दहा सेकंद नवरीचा ड्रेस पाहिला, तोही प्रेक्षक.

हे आजचंच आहे असंही नाही. १९४७ साली एलिझाबेथ आणि फिलिप यांचं लग्न रेडिओवर २० कोटींनी ऐकलं म्हणतात. १९८१ साली चार्ल्स-डायनाचं लग्न ७५ कोटींनी पाहिलं म्हणतात. २०११ला २०० कोटी. दर पिढीला आकडा फुगतो आणि दर वेळी गोल असतो. मोजलेला आकडा २ कोटी २८ लाख असा खडबडीत असतो.

'सगळं जग थांबलं होतं' म्हणे. २७ एप्रिलला, लग्नाच्या दोनच दिवस आधी, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत टोर्नेडो वादळांनी थैमान घातलं. तीनशेहून अधिक माणसं गेली, सगळ्यात जास्त अलाबामात. एनबीसी या अमेरिकी वाहिनीचे तेव्हाचे मुख्य अँकर ब्रायन विल्यम्स लग्नासाठी लंडनला पोचले होते. ते तसेच माघारी फिरले आणि वादळाच्या बातमीवर गेले. एवढा खर्च करून उभी केलेली तयारी मागे टाकून, आपल्या देशातली माणसं मेली आहेत म्हणून परत जाणं. या लग्नाच्या बातमीदारीतली माझ्या मनात राहिलेली गोष्ट ही आहे. शाळेत सांगायचीच असेल तर ही सांगावी.

आमच्या डेस्कवरही जग थांबलं नव्हतं. त्याच आठवड्यात, २५ एप्रिलला, पुण्याचे तेव्हाचे खासदार सुरेश कलमाडींना अटक झाली होती. जैतापूरच्या आंदोलनात १८ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात माणूस गेला होता. लग्न आम्ही दाखवलं, नाही असं नाही. राजवाड्याच्या बाल्कनीतला चुंबनाचा तो क्षण आम्हीही फिरवून फिरवून वापरला. पण बुलेटिनला पहिली बातमी पुण्याची होती.

आता दुसरा मुद्दा. माझा राग खरा यावर आहे.

लग्न झालं त्या चर्चमध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, प्रत्येक देशाचा कॅमेरा नव्हता, असणं शक्यही नव्हतं. अशा सोहळ्यात यजमान देशातल्या वाहिन्या मिळून चित्रण करतात, त्याला आम्ही पूल फीड म्हणतो. २०११ला बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय यांनी काम वाटून घेतलं होतं. परदेशी वाहिनीचा अँकर राजवाड्यासमोरच्या तात्पुरत्या स्टुडिओत बसतो, पण ॲबेतली दृश्यं त्याला त्याच फीडमधून मिळतात. न्यूयॉर्क, टोकियो, सिडनी, मुंबई, सगळीकडे तीच फ्रेम, तोच क्लोजअप. वेगळा असतो तो फक्त बोलणारा माणूस.

आणि अटी. वृत्तसंस्थेकडून व्हिडिओ येतो तेव्हा सोबत एक कागद येतो. त्यात कुठलं दृश्य कितव्या सेकंदाला आहे याची यादी असते, आणि त्या यादीच्याही वर, अगदी पहिल्या ओळींत, निर्बंध असतात. अमुक देशात वापरायचं नाही, अमुक तासांनंतर वापरायचं नाही, अमुक नाव स्क्रीनवर द्यायलाच हवं. नव्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो की आधी त्या ओळी वाचायच्या, मग दृश्यं उघडायची. घाईत त्या ओळी वरून सरकवल्या जातात आणि मग रात्री अकराला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

ऑस्ट्रेलियात त्या वर्षी याच ओळींनी एक अख्खा कार्यक्रम खाल्ला. तिथल्या सरकारी वाहिनीवर, एबीसीवर, 'द चेसर' हा उपहासकारांचा गट लग्नाचं थेट प्रक्षेपण चालू असताना आपलं समालोचन करणार होता. जाहिरात झाली होती. लग्न दोन-तीन दिवसांवर आलं आणि अट आली की हे चित्रण नाट्य, विनोद, उपहास किंवा तत्सम मनोरंजनाच्या कार्यक्रमात वापरता येणार नाही. ही अट क्लॅरेन्स हाउसकडून, म्हणजे तेव्हा युवराज असलेल्या चार्ल्स यांच्या कार्यालयाकडून आली, असं एबीसीने सांगितलं. कार्यक्रम रद्द झाला. वाहिनी ऑस्ट्रेलियाची, पैसा ऑस्ट्रेलियाच्या करदात्यांचा, प्रेक्षक ऑस्ट्रेलियाचे, आणि त्यांनी हसायचं की नाही ते लंडनमध्ये ठरलं.

परदेशी वाहिन्या आपल्या सोहळ्याचं काय करतील, ही धास्ती तिथे जुनीच आहे. १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळी उपग्रह नव्हते, चित्रणाच्या फिल्म्स रॉयल एअर फोर्सच्या कॅनबेरा विमानांनी अटलांटिकपार नेल्या होत्या. एनबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी असे. राज्याभिषेकाच्या बातम्यांमध्ये त्यालाही दाखवलं, आणि त्यावरून ब्रिटनच्या संसदेपर्यंत संताप पोचला. हा इतिहास समजून घेता येतो. पण मग 'कसलीही अट नव्हती' हे वाक्य सातवीतल्या मुलीच्या तोंडी घालू नका. सोहळा गंभीर राहावा असं वाटणं वेगळं आणि त्यालाच लोकशाहीचा नमुना म्हणणं वेगळं. ज्या दिवशी चित्रणावर अट होती तोच दिवस मोकळेपणाचा पुरावा म्हणून मुलांना शिकवायचा, हे मला सहन होत नाही.

एक कबूल करते. ब्रिटनमध्ये राजघराण्याविरुद्ध उघड लिहिता येतं, राजेशाहीच नको असं म्हणणारे लोक टीव्हीवर येऊन बोलतात, त्यांना कुणी तुरुंगात टाकत नाही. तेवढं खरं आहे. पण ते या लग्नाच्या चित्रणाबद्दल नाही.

हक्क विकून खर्च काढल्याची गोष्ट पटकन उरकते. लग्नाचा खर्च दोन्ही घरांनी केला, पोलीस बंदोबस्ताचा बोजा सरकारी तिजोरीवर पडला. परदेशी वाहिन्यांनी लंडनमध्ये पाण्यासारखा पैसा ओतला हे खरं, पण तो हॉटेलं, विमानं, स्टुडिओची जागा, उपग्रहाचा वेळ यांवर. नवऱ्यामुलाच्या घरी त्याचं पाकीट गेलं नाही.

राहिले डबेवाले. इथे थोडं खरं आहे, आणि ते खरं असल्यामुळेच बाकीचं खपून जातं. नोव्हेंबर २००३मध्ये चार्ल्स मुंबईत आले तेव्हा चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले. ९ एप्रिल २००५ला चार्ल्स आणि कॅमिला यांचं लग्न झालं, त्याला रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे या दोघांना रीतसर निमंत्रण होतं आणि ते गेलेही. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण ते लग्न विल्यमचं नव्हे, त्याच्या वडिलांचं. विंडसरच्या गिल्डहॉलमधल्या नोंदणी विवाहाला राणी स्वतः हजर नव्हती आणि तो टीव्हीवरही दाखवला नाही. नंतर सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये प्रार्थना झाली, ती दाखवली, तिथे राणी होती आणि शेकडो पाहुणे होते. 'शेजारी बसवलं' हे कुणीतरी घरी बसून जोडलंय. मेदगे आणि मरे यांच्या खऱ्या मानाला या थापेची काय गरज?

'चॅनेलनी दाखवलं नाही' हेही तसंच. २००५ साली डबेवाल्यांची बातमी मी स्वतः वर्तमानपत्रांत वाचली आहे. पण हा आरोप मी पहिल्यांदा ऐकला तो १९ मे २०१८नंतर, विल्यमचा धाकटा भाऊ हॅरी आणि मेगन यांच्या लग्नाच्या वेळी, तेव्हा त्या दिवसाचं सांगते. विंडसरमधलं लग्न आपल्या घड्याळात शनिवारी दुपारी साडेचारला सुरू झालं. त्याच दिवशी चार वाजता बंगळुरूच्या विधानसभेत कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बहुमत सिद्ध करायचं होतं. आमच्या पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात, एका स्क्रीनवर विधानसभा, दुसऱ्यावर चॅपलच्या पायऱ्या. येडियुरप्पा बोलायला उभे राहिले आणि मतदानाआधीच त्यांनी राजीनामा जाहीर केला. त्यानंतर दोन तास आमच्याकडे दुसरं काही चाललं नाही. अमेरिकेत त्या दिवशी १५ वाहिन्यांवर २ कोटी ९२ लाख लोक मेगनला बघत होते, ती त्यांच्याच देशातली मुलगी होती. आमच्या प्रेक्षकाला शेजारच्या राज्यात सरकार राहतं की जातं ते हवं होतं. यात विकलं जाण्यासारखं काय आहे?

चूक आमच्याकडूनही झाली, पण फॉरवर्ड म्हणतो ती नाही. हॅरी आणि मेगनने आहेर नको, त्याऐवजी सात संस्थांना देणगी द्या असं सांगितलं होतं. त्या सातांत ब्रिटनबाहेरची एकच होती आणि ती मुंबईची होती: मैना महिला फाउंडेशन. गोवंडीच्या वस्त्यांमधल्या बायकांना रोजगार देणारी, स्वस्त सॅनिटरी पॅड बनवणारी संस्था. ही आमच्या शहराची बातमी होती, आमच्या प्रेक्षकातल्या निम्म्यांच्या रोजच्या जगण्याची होती. आमच्या वाहिनीवर ती रात्री साडेदहानंतर चाळीस सेकंदांची गेली. बंगळुरू आटोपल्यावर मीच ती तिथे टाकली होती, आणि त्याआधी सात वाजता तिला जागा करता आली असती.

मावशीच्या नातीला मी हेच सगळं फोनवर सांगितलं. तिने 'दोनशे कोटी' खोडलं आणि विचारलं, "मैनाचं स्पेलिंग काय?"