साडेचार ऑक्सिजन

गेली तीस वर्षं मी लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पोट भरतोय. या धंद्याचं भारदस्त नाव मुद्रितशोधन. घरी 'प्रुफं तपासणं' म्हणतात. 'दिन' आणि 'दीन' यांच्यातल्या एका वेलांटीपायी एका कवीशी माझं जे वाकडं आलं ते आजतागायत सरळ झालेलं नाही. सांगायचा मुद्दा, अचूकपणाचा मला माज होता.

अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकांनी बारावीच्या रसायनशास्त्र प्रात्यक्षिकांचं पुस्तक माझ्याकडे धाडलं. जाता जाता म्हणाले, "शेवटी साठ संयुगांचा तक्ता आहे, रेणुवस्तुमानांचा. तेवढे आकडेही पडताळून द्या." रसायनशास्त्राशी माझा संबंध अकरावीतच संपलेला. रेणूतल्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज म्हणजे रेणुवस्तुमान, एवढंच आठवत होतं. पण 'रेणू' दीर्घ आणि समासात गेला की 'रेणु' ऱ्हस्व, हे मला पक्कं ठाऊक. अर्धं काम झालंच होतं की.

उरलेलं अर्धं भाचीनं सोपं केलं. "मामा, बेरजा कसल्या करत बसलास? हे बघ, मोबाइलवरच्या या गणकयंत्रात सूत्र टाकायचं, बटण दाबायचं, वस्तुमान हजर." पाणी टाकलं. १८.०२. मीठ टाकलं. ५८.४४. तक्त्याशी तंतोतंत. तिला आइस्क्रीमचे पैसे देऊन मी वाटेला लावलं. ही चूक झाली.

कार्बन मोनॉक्साइड. पुस्तकात २८.०१. मी सी आणि ओ टाइप केले. उत्तर आलं ५८.९३! दुपटीहून जास्त! मला जो आनंद झाला तो काय सांगू. लेखक म्हणजे महाविद्यालयातले निवृत्त प्राध्यापक, आणि त्यांची चूक मी सदाशिव पेठेतल्या खोलीत बसून पकडलेली. लाल पेनानं २८.०१ वर काट मारली, समासात ५८.९३ लिहिलं, फोटो काढून सरांना पाठवला. खाली 'कृपया लक्ष द्यावे' असंही लिहिलं.

उत्तर एका शब्दाचं आलं. 'कोबाल्ट.' पूर्णविरामासकट.

झालं होतं असं, की मोबाइलच्या कीबोर्डाला पहिलं अक्षर मोठं आणि पुढचं लहान करायची खोड. दोन्ही मोठी असली तर कार्बन आणि ऑक्सिजन, म्हणजे बंद खोलीत माणूस मारणारा वायू. ओ लहान झाला की कोबाल्ट, म्हणजे धातू. मूलद्रव्यांना अशी अक्षरं द्यायची पद्धत बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं १८१३ साली सुचवली. तेव्हा इथे दुसरा बाजीराव गादीवर होता आणि आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर हा प्रकारच नव्हता, अजूनही नाही. आपले ऱ्हस्व-दीर्घ निदान डोळ्यांना दिसतात हो. शिवाय 'पाणी'ला पहिली वेलांटी दिली तरी त्याचं तूप होत नाही!

मग मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट. स्फटिकाच्या एका रेणूमागे पाण्याचे पाच, म्हणून सूत्रात मधे टिंब आणि पुढे ते पाच पाणी. ते मधलं टिंब मला मोबाइलवर सापडेना, म्हणून साधा पूर्णविराम दिला. यंत्रानं तो दशांशचिन्ह म्हणून वाचला. ऑक्सिजनचा चार, टिंब, पाण्याचा पाच: साडेचार ऑक्सिजन! उत्तर १८५.६२. ना कोरड्या मोरचुदाचं १५९.६, ना ओल्याचं २४९.६८. बरं, साडेचार ऑक्सिजन म्हणजे काय, अर्धा कुठून आणणार, असं त्या यंत्रानं एका अक्षरानं विचारलं नाही. साडेचार तर साडेचार. प्रुफात साडेचार नवरे दिसले असते तर मी लेखकाला फोन केला असता.

मोहरच्या क्षारात, म्हणजे लोह आणि अमोनियमच्या सल्फेटात, कंस विसरलो. अमोनियमच्या बाहेरचा दोन आतल्या चाराला जाऊन चिकटला आणि एका नायट्रोजनच्या गळ्यात बेचाळीस हायड्रोजन पडले. पण एव्हाना मी शहाणा झालो होतो. सरांना फोटो पाठवला नाही.

खरा घोळ क्लोरिनचा. त्याचं अणुवस्तुमान आम्ही शाळेत ३५.५ घोकलेलं, यंत्र म्हणतं ३५.४५. भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, ती सरासरी आहे. क्लोरिनचे साधारण पाऊण अणू ३५ चे नि पाव ३७ चे. ३५.४५ चा अणू एकही नसतो." हे मला फटकन पटलं. आमच्या सोसायटीचं सरासरी वय काढलं तर चाळीस-पंचेचाळीस येईल. त्या वयाचा माणूस मात्र एकही नाही. आम्ही तरी सत्तरीचे, नाहीतर नातवंडं सातवीतली. मधले सगळे न्यू जर्सीत.

आता हायड्रोक्लोरिक आम्ल ३६.५ ठेवायचं की ३६.४६? प्रकाशक म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते." सर म्हणाले, "तक्ता दोन दशांशस्थळांचा आहे." एवढंच. मी ३६.४६ केलं आणि तेवढ्यासाठी आख्खा तक्ता पुन्हा पहिल्यापासून तपासला. कीबोर्डाची ती खोड भाचीकडून काढून घेतली, कंस बोटांवर मोजले, टिंबाऐवजी पाणी वेगळं काढून हातानं मिळवलं. म्हणजे बेरजाच केल्या.

गेल्या आठवड्यात पुस्तक छापून आलं. भाचीनं तक्ता उघडला आणि माझ्यादेखत साठच्या साठ संयुगं यंत्रात घालून बघितली. एक आकडा चुकलेला नाही. मी पान हातात घेतलं. तक्त्याच्या डोक्यावर, ठळक टायपात, पानभर रुंद: 'रेणूवस्तुमान'.

दीर्घ.

"काय रे मामा, सापडलं काही?" तिनं विचारलं.

"चहा टाक," मी म्हणालो, आणि पान उलटलं.